एक घर मागे

शनिवारी चार वाजता, माझगावच्या पोर्ट कॉलनीत,
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
अकरा मुलं आणि मी.
टेबलावर दारावरच्या बेलचं बटण, दोन सेल,
चिकटपट्टीने बसवलेली तांब्याची तार.
तेहतीस वर्षं फोर्टच्या तारघरात काढली.
उरलं ते एवढंच, आणि उजव्या मनगटातली कळ.

तक्ता मी वाटत नाही.
विचारते, नाव काय तुझं?
मंदार.
हळू म्हण. मं. दा. र.
लांब, लांब, आखूड. गुरू, गुरू, लघु.
मराठीच्या बाईंनी गण पाडायला लावले होते ना?
कंटाळत पाडलेत ना?
तेच हे. ठिपका म्हणजे लघु, रेघ म्हणजे गुरू,
आणि मंदार म्हणजे इंग्रजीतला जी.
रेवा निघाली एम, तनुजा यू,
इरफान चक्क एफ, तो दिवसभर एफ मिरवत फिरला.
शेवटच्या बाकावरून निहाल तांडेल
नाव पुटपुटला. ल गा ल.
आर, म्हटलं मी, चांगलं अक्षर आहे.
का, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि कुणी "गणित आकाशी गणित" असं वाजवलं
तर समजा कुणीतरी बुडतंय, धावा.
गणितात बुडणारे सगळे हसले.

दुसऱ्या शनिवारी कुलपं.
च ची भाषा त्यांना येतेच. चलाही म चेते य.
पण ती सगळ्या कॉलनीला येते.
म्हणून प्रत्येक व्यंजन एक घर पुढे,
क चा ख, ख चा ग,
काना-मात्रा जिथल्या तिथे.
चहाचा झाला छळा.
रेवाने खालच्या टपरीवर दोन कटिंग छळा मागितला,
"छळ तर रोजचाच," म्हणत सदूने ओतला.
उघडायचं कसं?
सोंगटी परत घेतात तसं. एक घर मागे.

तिसऱ्या शनिवारी बाकाखाली चिठ्ठी सापडली.
वहीचा फाटका कोपरा, पेन्सिल, दोन अक्षरं:

मर

तनुजा ओरडली. कुणी लिहिलं? कुणाला?
ग्रंथपालबाई दारातून म्हणाल्या,
उद्यापासून हे धंदे बंद.
आणि माझेही हात गार.

तारवाला जिन्यात दिसला की
पाकीट न फोडताच रडायला बसायची घरं,
गिरगावात, डोंगरीत, लालबागला.
आत कधीकधी असायचं: मुलगा झाला.
त्यांच्याआधी मजकूर मला ठाऊक असायचा
आणि बोलायची मुभा नव्हती.

मी खडू घेतला.
म च्या मागे भ.
र च्या मागे य.

पंखा तेवढा ऐकू येत होता.
सगळ्यांनी फळ्याकडेच पाहिलं, कुणी मागे वळलं नाही,
मुलं कधीकधी मोठ्यांपेक्षा शहाणी असतात.
मी समोर उभी, म्हणून मला दिसलं,
शेवटच्या बाकावर पेन्सिलीभोवती
पांढरी पडलेली बोटं.

बाप तेलाच्या जहाजावर, अठरा दिवस फोन नाही,
आई म्हणते समुद्रात रेंज नसते रे,
आणि नळ मोठा सोडून भांडी घासते,
हे सगळं मला नंतर कळलं.
तेव्हा एवढंच, की कुणीतरी वाजवतंय.

वर्ग सुटल्यावर मी पुस्तकं गोळा करायच्या निमित्ताने
त्याच्या बाकाशी थांबले. नखाने
एक टिचकी, एक लांब ओरखडा, एक टिचकी.
त्याला वाटलं, आपलं नाव.
होतंच ते.
पण तारघरात पलीकडचा मजकूर नीट मिळाला
की आम्ही एवढंच वाजवायचो
आणि पुढच्या तारेला लागायचो:
आर. पोचलं.

हे त्याला सांगावं की पुढच्या शनिवारी,
असा विचार करत होते, तेवढ्यात
खाली गोदीत कुठल्याशा बोटीचा भोंगा झाला,
एकच, लांबलचक.
जिन्यातून इरफान ओरडला, "टी!"
निहालने मान वर केली.